विमान गेलं आणि आळी थांबली

आमच्या आळीत कुणी कुणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नसे. कसबा पेठेतल्या आमच्या तांबट आळीत सकाळी पाणी भरून होतंय न होतंय तोच घराघरांतून हातोडे सुरू व्हायचे, ते दुपारच्या जेवणाला जरा विसावायचे आणि मग थेट दिवेलागणीपर्यंत. घंगाळं, बंब, हंडे, कळशा. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून त्याला पोट आणायचं, गळा आणायचा, आणि शेवटी मठारकाम करायचं, म्हणजे सगळ्या भांड्यावर हातोडीच्या ठशांची बारीक चमकती नक्षी उठवायची. एका घरचा ठोका विरायच्या आत शेजारच्या घरचा पडे. परगावचा माणूस आळीत शिरला की कानांवर हात ठेवून बाहेर पडे. आम्हाला मात्र तो आवाज ऐकू येत नसे. आम्ही बोलायचो हातांनी, भुवयांनी आणि मुख्य म्हणजे ओठांनी. आवाज न काढता नुसते ओठ हलवले की समोरच्याला सगळं कळे. शाळेत मला आणि शेजारच्या लताला याचा फार फायदा झाला. बाईंची पाठ फळ्याकडे वळली की वर्गाच्या दोन टोकांवरून आमच्या निवांत गप्पा चालत, आणि बाई मागे वळून म्हणत, "आज वर्ग कसा शांत आहे बघा!"

घर लांबट होतं. पुढच्या खोलीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, काम, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. तिच्यातून चहा पुढे जाई आणि रिकामा कप मागे येई. आईचा ओटा त्या खिडकीखाली होता, त्यामुळे दिवसभर ती आमच्याकडे पाठ करून उभी. मला माझ्या आईचा चेहरा आठवतो त्याहून तिची पाठ जास्त आठवते: पदर खोचलेली, मानेवर सैल अंबाडा, आणि पोळ्या लाटताना डावीउजवीकडे डुलणारी. ती मूळची लोणी काळभोरची. तिथे तिच्या वडिलांचं भांड्यांचं आणि कल्हईचं लहानसं दुकान होतं, घरात जातं होतं, आणि जात्यावर तिच्या आईनं आणि चुलतीनं म्हटलेल्या ओव्यांत ती वाढली होती. पुण्यात पिठाची गिरणी कोपऱ्यावर. जातं सुटलं तशा ओव्याही सुटल्या असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. तिचे ओठ सतत हलत असतात एवढं मात्र बाजूनं गेलं की दिसे. त्यावर आत्याचं मत ठाम होतं. ती आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "आमची इंदू कामातसुद्धा नामस्मरण सोडत नाही हो."

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, ती माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. स्वभावानं वाईट मुळीच नव्हती, पण जीभ अस्सल पेठेतली. मी परीक्षेत पहिली आले तेव्हा ती म्हणाली होती, "बाकीच्या मुली आजारी होत्या वाटतं." अण्णा तिच्या अगदी उलट. ते बोलतच नसत. हो, नाही, बघू, वाढ. एवढ्यावर त्यांचा दिवस निघे. आळीतल्या लोकांना वाटे, एवढ्या वर्षांच्या ठोक्यांनी अण्णांचे कान गेले. कान थोडे गेले होते हे खरं, पण न बोलण्याचं कारण ते नव्हतं. त्यांना सवयच नव्हती.

अशा घरात एक दिवस माझा धाकटा भाऊ मोहन शाळेतून धावत आला आणि चपला न काढता आत शिरून ओरडला, की लोहगावला हवाई दलाची विमानं कसरती करून दाखवणार आहेत, रविवारी, आणि घरच्यांना घेऊन कुणीही जाऊ शकतं. हे तो खिडकीतून अण्णांना हातवारे करून सांगू लागला. दोन्ही हात पसरून त्यानं स्वयंपाकघरात एवढी चक्कर मारली की दुधाचं पातेलं थोडक्यात वाचलं. अण्णांनी हातोडा खाली ठेवला, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जाऊ."

घरात कुणाचा विश्वास बसेना. आम्ही सगळे मिळून कुठे गेल्याचं मला आठवतच नव्हतं. कुणीतरी घरी राहायचंच, आणि ते कुणीतरी म्हणजे आई. पण अण्णा म्हणाले, "सगळे." शेजारच्या दत्तूकाकांचा टेम्पो होता, एरवी बाजारात हंडे पोचवणारा. त्यांनी लगेच जाहीर केलं की रविवारी टेम्पोत हंड्यांच्या जागी माणसं बसतील. आळीतली आणखी दोन बिऱ्हाडं तयार झाली. मग आमच्याकडे जे सुरू झालं त्याला तयारी म्हणणं फार कमी होईल.

परवा माझ्या नातवानं असाच एक कार्यक्रम पाहायला जायची तयारी केली. वाघोलीत आमच्या सातव्या मजल्यावर बसलं की ही विमानं तशी रोजच डोक्यावरून जातात; फोनवर बोलताना आम्ही सगळेच "एक मिनिट हं, विमान जातंय" म्हणून थांबतो. नातवानं मोबाइलवर पास काढले, सूनबाईनं उन्हाचं क्रीम आणि मोबाइलची बॅटरी पिशवीत टाकली, आणि "खायचं तिथेच बघू" म्हणून तासाभरात सगळे खाली गाडीत. मला काही नावं ठेवायची नाहीत, सोयीचंच आहे ते. पण "खायचं तिथेच बघू" हे वाक्य आमच्या आत्यानं ऐकलं असतं तर तिनं आधी ते म्हणणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

आत्याच्या मते प्रवास म्हणजे मुख्यतः डबे. लोहगाव पुण्याला लागून आहे हे तिला मान्य नव्हतं. "नदी ओलांडायची ना? मग परगावच ते." तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, पातळ पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू, असं ठरलं. पाणी तांब्याच्या मोठ्या कळशीत आणि ताक चिनीमातीच्या बरणीत, कारण ताक तांब्यात ठेवू नये हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मोहननं कानात घालायला कापूस मागितला. त्याच्या सरांनी सांगितलं होतं की विमानांचा आवाज फार असतो, कान सांभाळा. "तांबटाच्या पोरानं कानात कापूस?" आत्या म्हणाली. "उद्या कोळ्याचं पोर पोहताना छत्री मागेल." आई हसली. तिनं स्वतःसाठी लग्नातली जांभळी इरकल काढून उन्हात टाकली, मग परत आत नेली, मग परत बाहेर काढली. ती पुण्यात आल्यापासून ओंकारेश्वर, मंडई आणि माहेर यांपलीकडे कुठे गेली नव्हती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला इतका आनंद कशाचा झालाय ते मला कळत नव्हतं एवढंच.

शनिवारी सकाळी आळी नेहमीसारखी दणाणत होती. आई ओट्याशी उभी राहून पुऱ्यांचं पीठ मळत होती. मी जमिनीवर बसून लाडू वळत होते, आणि आत्या समोर पाटावर बसून माझ्या लाडवांचा आकार तपासत होती. एक लाडू मी तोंडात टाकला तेव्हा तिनं नुसत्या ओठांनी म्हटलं, "तो उद्याचा होता." एवढ्यात काहीतरी वेगळं झालं. आधी भांड्यांच्या कडा थरथरल्या. मग छपरावरून कुणीतरी अजस्र पत्रा फाडत नेतंय असा आवाज आला, आणि तो एवढा वाढला की आयुष्यात पहिल्यांदा आमच्या आळीला स्वतःचा आवाज ऐकू येईना. दुसऱ्या दिवशीच्या खेळाची तालीम चालली होती. पेठेवरून एक लढाऊ विमान खूप खाली येऊन गेलं. सगळ्या घरांतले हातोडे हातांतच राहिले. माणसं रस्त्यावर धावली. मोहन तर खिडकीतूनच उडी मारून पुढे गेला. विमान आलं तसं शनिवारवाड्याच्या दिशेनं नाहीसं झालं, आणि आळीवर शांतता पडली. भर सकाळी, कामाच्या दिवशी. सगळे माना वर करून उभे. एकही ठोका नाही.

आणि त्या शांततेत, खणखणीत, आळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, माझी आई गात होती. पीठ मळणं तिनं थांबवलं नव्हतं. विमानाचा आवाज वाढला तसा तिनंही आपला आवाज वाढवला असणार, आणि विमान गेलं तरी तिचा सूर तिथेच राहिला.

"वन्संच्या गं कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
लाडवाच्या डब्यापाशी उभा बाई बडगा!"

किती सुंदर आवाज होता तो! शब्द मला नंतर कळले. आधी मला एवढंच कळलं की हा आवाज या घरात आहे आणि मी तो कधी ऐकलेला नाही. रस्त्यावर दत्तूकाका सगळ्यांत आधी हसले. मग लताची आई. मग सगळी आळीच हसत सुटली. आई दचकून थांबली. तिनं वळून आमच्याकडे पाहिलं, आणि पिठाचे हात तसेच हवेत धरून उभी राहिली.

आत्या पाटावरून उठली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कमरेचा जुडगा सोडला, शांतपणे ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "हे घे. आता बडगा नाही. खुशाल लाडू वाटा आळीत."

"वन्सं, तसं न्हाई हो, सहज आपलं…" घाबरली की आईच्या तोंडात लोणीची भाषा येई.

"सहज? मी लोकांना सांगत फिरतेय, आमची इंदू नामस्मरण करते. नाम माझंच होतं म्हणायचं! उद्या तुम्ही सगळे जा. विमान बघा, लाडू खा. मी घर राखते. राखण्याचंच काम ना माझं?"

"तुम्ही नाही तर मीही नाही," आई म्हणाली, आणि रडायला लागली. दोघी नाहीत तर अण्णा जाणार नाहीत हे मोहनला लगेच कळलं आणि त्यानं दारातच बसकण मारून भोकाड पसरलं. बाहेर एकेक हातोडा पुन्हा सुरू झाला. आमच्या घरचा मात्र झाला नाही. पुढच्या खोलीतून अण्णा उठून आत आले. कामाच्या वेळात ते कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. त्यांनी मागचं दार लावलं, मधली खिडकी लावली, तेव्हा बाहेरचे ठोके जरा लांब गेले. मग ते आत्यासमोर पाटावर बसले, शाळेतल्या मुलासारखे.

"अक्का," ते म्हणाले, "तुझ्यावरची ओवी काहीच नाही. माझ्यावरची ऐक." आणि घसा साफ करून, चाल नाही, सूर नाही, बाजाराचं सामान सांगावं तसं ते म्हणाले:

"हातोडा बोले दिवसभर, धनी माझे मुके,
दोन शब्दांसाठी बाई जीव माझा सुके."

आईनं पदर तोंडावर दाबला. "तुम्हाला कुठनं ठाऊक?"

अण्णांनी खिडकीकडे बोट दाखवलं. आम्हाला सगळ्यांना एकदमच उमगलं. आम्हाला आईची पाठ दिसायची. खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला दिवसभर तिचा चेहरा दिसायचा. आणि त्या माणसाचं अर्धं आयुष्य ओठ वाचण्यात गेलं होतं.

"म्हणजे सगळं कळत होतं तुम्हाला?" आईचं रडणं आता रागावर आलं होतं. "सगळं? आणि एवढ्या वर्षांत एका शब्दानं म्हणाला नाहीत?"

"म्हणालो असतो तर तू गायची थांबली असतीस," अण्णा म्हणाले.

 मोहन रडायचा थांबला. एवढं लांब वाक्य अण्णांच्या तोंडून आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो. शेवटी आत्यानंच विचारलं, पण भिंतीकडे बघत. "माझ्यावर आणखी आहेत का?"

"बऱ्याच आहेत," अण्णा म्हणाले.

"अहो, नका ना," आई म्हणाली.

"सांग. आळीनं ऐकलं, आता लपवायचं काय राहिलंय?"

अण्णा जरा थांबले. आठवत होते असं नाही. कोणती सांगावी ते ठरवत होते असं मला आज वाटतं. मग म्हणाले, "मोहनच्या वेळी ही बाळंतपणातून उठली, त्यानंतर रोज म्हणायची ती ही." आणि तसंच सपाट आवाजात म्हटलं:

"वन्संनी चोळलं अंग, वन्संनी दिली धुरी,
बहीण नाही मला बाई, हौस केली पुरी."

 आत्यानं ओट्यावरचा जुडगा उचलला, कमरेला खोचला, आईच्या हातांकडे बघून म्हणाली, "पीठ सुकतंय. आणि बहीण म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायला काय झालं होतं? मी काय विमानात बसले होते?" मग माझ्याकडे वळून, "सुमे, बडगा परत आलाय. लाडू नीट वळ." आई हसली, पुन्हा रडली, आणि पुऱ्यांचं तेल तापत ठेवलं. अण्णा उठून कामावर गेले, पण जाताना त्यांनी मधली खिडकी सताड उघडली.

रविवारची सकाळ नुसती धांदलीची होती. टेम्पोत सतरंज्या, सतरंज्यांवर डबे, डब्यांभोवती आम्ही. आई जांभळ्या इरकलीत फार वेगळी दिसत होती. आत्यानं कळशी मांडीवर धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला दत्तूकाकांच्या घराण्याचा उद्धार चालला होता. मैदानावर एवढी माणसं मी गणपतीखेरीज कधी पाहिली नव्हती. पुढचं सगळं मला तुटक आठवतं: धुराच्या रंगीत रेघा, छत्र्या घेऊन ढगातून खाली तरंगत आलेले जवान, आणि त्यांतला एक जमिनीला टेकून चालायला लागला तेव्हा आईनं सोडलेला सुस्कारा. एक विमान सरळ आभाळात चढत गेलं आणि वर पोचल्यावर जणू विसरल्यासारखं थांबलं. सगळं मैदान श्वास धरून उभं. ते उलटं होऊन खाली आलं आणि आमच्यावरून एवढं गरजत गेलं की आजूबाजूच्या लोकांनी कान झाकले. आमच्या सतरंजीवर कुणीच झाकले नाहीत. आत्या पुरीचा तुकडा चटणीला लावत म्हणाली, "एवढी ठोकाठोक, आणि भांडं एकही तयार नाही." शेजारच्या सतरंजीवरचे अनोळखी लोकसुद्धा त्यावर हसले, मग त्यांच्याकडे चिवडा गेला आणि त्यांच्याकडून संत्री आली.

परतीच्या वाटेवर सगळं पुणं एकाच रस्त्याला लागलं होतं. येरवड्याच्या अलीकडे टेम्पो जो थांबला तो हलेचना. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधून सायकली. ऊन उतरलं होतं. मोहन अण्णांच्या मांडीवर झोपला होता, डबे रिकामे होऊन वाजत होते. दत्तूकाकांनी वैतागून इंजिन बंद केलं. सगळीकडचीच इंजिनं एकेक करत बंद झाली आणि रस्ता अचानक शांत झाला.

आत्या म्हणाली, "इंदू, म्हण काहीतरी."

"इथे? काहीतरीच काय वन्सं. सगळे ऐकतील."

"काल आळीनं ऐकलं. राहिलेल्या पुण्यानं काय पाप केलंय?"

आईनं अण्णांकडे पाहिलं. ते बाहेर बघत होते. ती घसा खाकरून आधी हळूच, मग जरा मोकळ्यानं म्हणू लागली. नवीनच ओवी होती, विमानाची आणि संत्री देणाऱ्या बाईची. तिनं ती तिथल्या तिथे रचली होती. बाजूच्या गाडीतल्या बायकांनी काच खाली केली. सायकलवाले पाय टेकून थांबले. अण्णा वळले, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांनी पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं त्याला मला आजही नाव सापडलेलं नाही. मी एवढंच सांगते की इतक्या वर्षांत त्यांनी तिचे शब्द सगळे पाहिले होते, पण चाल त्यांनी ऐकली होती ती फक्त काल, एका ओवीपुरती.

मग पुढची गाडी हलली. मागून भोंगे सुरू झाले. दत्तूकाकांनी किल्ली फिरवली तशी टेम्पोनं खोकायला सुरुवात केली. अण्णांनी डोळे न उघडता केबिनच्या पत्र्यावर थाप मारली, जोरात, तांबटाच्या हाताची.

"बंद कर रे ते!"

"अण्णा, मागचे शिव्या देतायत!" दत्तूकाका ओरडले.

"देऊ देत."

मागे भोंग्यांचा एकच कल्लोळ उठला. आई क्षणभर थांबली, त्या कल्लोळाचा अंदाज घेतला, आणि मग आवाज चढवून, सगळ्या भोंग्यांच्या वर, पुढच्या ओवीला लागली.